नवीन स्पीकर घ्यायचेत – १० बाय १२ ची खोली, शास्त्रीय गाणं, ४५ वॉटचा अँप (अँप्लिफायर) पुरेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इथले धागे बरेच दिवस वाचतोय, आज स्वतःचा काढतोय. मिरजेच्या घरात एक १० बाय १२ ची खोली मोकळी झालीय, ती आता फक्त गाण्यासाठी ठेवायची असं घरात ठरलंय, आईचा तानपुरा पण तिथंच असतो. ऐकणं जवळजवळ सगळं शास्त्रीय, त्यात ख्याल जास्त, मग नाट्यसंगीत आणि कधीतरी जुनी हिंदी गाणी. सोर्स म्हणजे लॅपटॉपला लावलेला छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालेल असा सिग्नल करणारा डबा) आणि मामांनी दिलेला रेकॉर्ड प्लेअर, त्यामुळं अँपला फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर थेट लावायची जागा, हवाच. बजेट दोन्ही मिळून ७० हजार, थोडं वरखाली चालेल.

पुण्यात एका दुकानात केईएफ क्यू१५० आणि इलॅक डेब्यू बी६.२ हे स्पीकर ऐकून आलो. दोन्ही आवडले, पण दुकानदार म्हणाला की केईएफला कमीत कमी १०० वॉटचा अँप पाहिजे नाहीतर स्पीकर उघडतच नाही. माझ्या डोक्यात मरँट्झ पीएम६००७ आहे आणि तो ४५ वॉटचा. आता अँप बदलू का स्पीकर बदलू हेच कळेना. जाणकारांनी सांगा.

पेठकर
सरळ एव्हीआर, म्हणजे होम थिएटरचा अनेक चॅनेलवाला अँप, घ्या की. त्याच पैशात ९० वॉट गुणिले ७ मिळतात, उद्या पिक्चर बघायचा झाला तर तेही होईल. ४५ वॉट म्हणजे फारच कमी वाटतात मला, आणि छोटा अँप ताणला की ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा ड्रायव्हर) जळतो हे पण खरंय.

ओहमकार
पेठकर, ते ९० वॉट कसे मोजलेत ते बारीक अक्षरात वाचा. बऱ्याच एव्हीआरच्या खोक्यावरचा आकडा ६ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध), एकच चॅनेल चालू ठेवून आणि नुसत्या १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो, कधीकधी तर १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज बिघडलेला असताना. सातही चॅनेल एकदम चालवले की एकच पॉवर सप्लाय सगळ्यांत वाटला जातो. मरँट्झचे ४५ वॉट हे ८ ओहमला दोन्ही चॅनेलचे आहेत आणि ४ ओहमला तो ६० देतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थच नाही.

कृष्णाकाठ, आता तुमच्याच खोलीचा हिशोब करू, एकदा कागदावर मांडला की दुकानदार काय म्हणतो याची काळजी राहत नाही.

क्यू१५० ची सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी आहे. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की समोर एक मीटरवर ८६ डीबी आवाज. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. तुम्ही बसणार साधारण अडीच मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराला ८ डीबी कमी झाले असते, पण खोलीत भिंती आवाज परत देतात म्हणून ६ धरा. दोन स्पीकर आहेत त्याचे ३ वाढवा. म्हणजे प्रत्येकी १ वॉट दिला की तुमच्या कानाशी ८३ डीबी येतात. ८३ म्हणजे घरात चांगला मोठा आवाज, शेजारच्या खोलीतला माणूस दार लावून घेईल इतका.

निवांत ऐकताना सरासरी ७५ च्या आसपास असते, त्याला वॉटचा सहावा हिस्सा पण लागत नाही. मग वॉट जातात कुठं? तबल्याची थाप, तानेतला जोर, पखवाज, हे सरासरीपेक्षा १५-२० डीबी वर उडी मारतात. समजा ९५ पर्यंत गेलं, म्हणजे ८३ च्या वर १२ डीबी. दर ३ डीबीला वॉट दुप्पट, म्हणजे २, ४, ८, १६. सोळा वॉट. तुमच्या अँपकडे ४५ आहेत. १०० वॉटचा घेतला तरी ४५ च्या तुलनेत साडेतीन डीबीच जास्त मिळतात, कानाला जेमतेम थोडा मोठा वाटेल एवढाच फरक.

आणि केईएफनं स्वतः क्यू१५० साठी अँपची पॉवर १० ते १०० वॉट दिलीय. दुकानदारानं वरची मर्यादा खालची करून सांगितली तुम्हाला.

इलॅकवर ८७ लिहिलंय म्हणून तो जास्त वाजतो असं समजू नका, कारण तो ६ ओहमचा आहे. ६ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट नाही, १.३३ वॉट. तेवढं वजा केलं की दोघं जवळपास सारखेच. असे आकडे बघताना ओहम शेजारी ठेवूनच बघायचे. आणि काही कंपन्या खोलीतला फायदा धरून सेन्सिटिव्हिटी छापतात, त्यामुळे ९४-९६ असं छोट्या स्पीकरवर दिसलं की कुणीतरी बाहेरच्यानं मोजलेला आकडा शोधावा.

खरी काळजी करायची गोष्ट वेगळीच आहे. क्यू१५० वर ८ ओहम लिहिलंय पण पुढे किमान ३.७ असंही आहे. इंपीडन्स म्हणजे हाच ओहमचा आकडा, तो प्रत्येक सुराला बदलत असतो, कुठं २० च्या वर जातो कुठं ४ च्या खाली येतो, आणि तिथं अँपला करंट द्यावा लागतो. ज्या अँपच्या माहितीत ४ ओहमचा आकडाच दिलेला नाही किंवा मागं 'फक्त ६ ओहमच्या वर' असं लिहिलंय तो या स्पीकरला नको. पीएम६००७ ला ती अडचण नाही.

जुनारेडिओ
ओहमकारांनी छान मांडलं. एक जुनी गोष्ट जोडतो. नॅड ३०२० नावाचा अँप १९७८ ला आला, कागदावर फक्त २० वॉट. पण अवघड स्पीकरला करंट द्यायची त्याची तयारी होती, आणि थोड्या वेळापुरता तो त्या २० च्या बराच वर जायचा. जगभर लोकांनी त्यावर मोठमोठे स्पीकर चालवले, अजून जुन्या बाजारात त्याला मागणी आहे. त्याच दशकात बीबीसीनं आपल्या प्रक्षेपण गाड्यांत बसेल असा एलएस३/५ए नावाचा स्पीकर केला, जेमतेम ८२-८३ डीबीचा, चपलांच्या खोक्याएवढा. गाडीत माणूस जवळ बसून निवेदकाचा आवाज तपासणार, त्याला मोठ्या आवाजाची गरजच नव्हती, मानवी आवाज खरा यायला हवा होता. ख्याल ऐकणाऱ्यानं तो स्पीकर एकदा तरी कुठं मिळाला तर ऐकावाच. सांगायचा मुद्दा हा की कुठल्या जागी, किती लांबून आणि काय ऐकायचंय ते आधी.

पेठकर
हिशोब पटला. पण मरँट्झचा आवाज उबदार असतो, यामाहाचा कोरडा असतो, हे तरी मान्य कराल ना? मी दोन्ही ऐकलेत, शास्त्रीयला मरँट्झच.

ओहमकार
ऐकलेत ते नाकारत नाही, पण एकाच व्हॉल्यूमवर ऐकलेत का ते बघायला पाहिजे. दोन अँपमध्ये अर्धा डीबी फरक असला तरी जो मोठा तो कानाला भरीव वाटतो आणि आपल्याला वाटतं की हा अँपचा गुण. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर एक ५०० हर्ट्झचा टोन मोजायचा, दोन्ही अँपला व्होल्टेज सारखं करायचं आणि मग दुसऱ्या कुणालातरी अदलाबदल करायला सांगून न बघता ऐकायचं. नीट बांधलेले, मर्यादेच्या आत वाजणारे ट्रान्झिस्टर अँप असं ऐकले की फरक फार कमी उरतो. व्हॉल्व्ह अँपचं वेगळं, त्यांचा आउटपुट इंपीडन्स जास्त असल्यामुळे स्पीकरच्या इंपीडन्सप्रमाणे आवाजाचा तोलच बदलतो, ३.७ ते २० ओहम फिरणाऱ्या स्पीकरवर तर नक्कीच.

यामाहा ए-एस३०१ पण चांगला पर्याय आहे, ६० वॉट, फोनो आहे, आणि त्याचं लाउडनेसचं गोल बटण रात्री हळू ऐकणाऱ्यांना फार कामाचं. म्हणून मी म्हणेन अँप सोयीवर आणि सर्व्हिसवर निवडा, सांगली-कोल्हापूरला दुरुस्ती कुठल्याची होते ते विचारा.

रेवा
मी गाणं शिकते आणि शिकवते पण, तांत्रिक भाग वरच्या मंडळींनी सांगितलाच, मी ऐकायचं कसं ते सांगते कारण दुकानात गेलं की ते लोक त्यांचीच ठराविक चकाचक गाणी लावतात ज्यात सगळेच स्पीकर भारी वाटतात. तुम्ही मिरजेचे, तानपुऱ्याच्या गावचे, २०२४ ला तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि घरात खरा तानपुरा आहे. याच्याइतकं चांगलं मोजमाप कुणाकडे नसतं.

आईंचा तानपुरा काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) असेल असं धरते. त्यात मधल्या जोडीचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, पंचमाची तार १५६, आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा षड्ज, १०४. पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा असेल तर खर्ज ६९ पर्यंत खाली जातो. आता गंमत अशी की खर्जाच्या तारेत मूळ सूर त्यामानानं हलका आणि वरचे स्वर भरपूर, कारण घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) जवारी, म्हणजे तिचा घासून दिलेला बाक, आणि तो बारीक दोरा. तानपुरा चांगला जुळला की कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तो खर्जाचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट, १०४ चा ५२० च्या आसपास. हे सगळं ट्वीटरचं काम नाही, वूफरच्या, म्हणजे मोठ्या ड्रायव्हरच्या, मधल्या सुरांच्या भागाचं आहे. म्हणून ज्या स्पीकरचा मध्य पोकळ असतो तिथं तानपुऱ्याची नुसती भुणभुण होते, चार तारा चार वेळा वेगळ्या सुरू झालेल्या कळतच नाहीत.

तर दुकानात सुरुवातीच्या आलापाचा भाग लावा जिथं तबला अजून आलेला नाही. प्रत्येक तार वेगळी सुरू होते का, गंधार उमलतो का, गायक 'आ' वरून 'ई' वर गेला की आवाज पुढे-मागे सरकल्यासारखा होतो का. तसं होत असेल तर क्रॉसओव्हर (वूफर संपून ट्वीटर सुरू होतो तो सांधा) नीट जुळलेला नाही असं समजायचं, तो बहुतेक छोट्या स्पीकरमध्ये दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि 'ई' 'ए' ची ओळख नेमकी तिथंच ठरते.

नंतर विलंबित एकतालात डग्गा ऐका. मनगटाचा घिस्सा दिला की डग्ग्याचा सूर खालून वर सरकतो, तो सलग सरकायला पाहिजे. मधल्या एकाच सुराशी घूं करून फुगला आणि बाकी ठिकाणी बारीक झाला तर तो दोष स्पीकरचा असेल किंवा खोलीचा. आणि शेवटी एखादी जुनी मोनो (एकाच चॅनेलची) रेकॉर्ड. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांच्या सगळ्या तबकड्या मोनोच. ती लावली की आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, डोक्याएवढ्या जागेतून आला पाहिजे. पसरला तर जोडी नीट जुळलेली नाही किंवा मांडणी चुकलीय.

कोकणरात्र
रेवाताई, ही पोस्ट सेव्ह करून ठेवली.
मी रत्नागिरीचा. सेकंडहँड घ्यायचा विचार कुणाचा असेल तर एक बघा, वूफरच्या कडेची रिंग फोमची आहे का रबरची. फोम आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत पीठ होतो, बोट लावलं की काळं येतं. रबरवाले जुने स्पीकर पण छान चालतात. आणि अँप भिंतीतल्या बंद कपाटात ठेवू नका, वर एक वीतभर तरी हवा पाहिजे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रेवाताई, तानपुरा काळी चारचाच आहे, बरोबर ओळखलंत.

पुण्याच्या मित्राकडे क्यू१५० आहेत आणि त्याच्या भावाकडे बी६.२, दोन्ही जोड्या काही दिवस मिळाल्या म्हणून घरीच ऐकलं. अँप दोन्हीला एकच, मित्राचा पीएम६००७. आईला गादीवर बसवून खरा तानपुरा छेडायला सांगितला, मग लगेच रेकॉर्डिंग. गंधार दोन्हीवर येतो. इलॅकवर डग्गा जास्त भरीव, केईएफवर गायकाचा आवाज जास्त जागेवर.

दोन अडचणी. एक, डग्ग्याचा घिस्सा दोन्ही स्पीकरवर एका ठिकाणी फुगतो, शिवाय त्याच वेळी मागचं लोखंडी कपाट खुळखुळतं. दुसरी, आई खाली बैठकीवर बसते आणि बाबांना गुडघ्यामुळं खुर्ची लागते, इलॅकवर दोघांना आवाज वेगवेगळा ऐकू येतो. बाबा म्हणतात छान आहे, आई म्हणते गायिकेला सर्दी झाल्यासारखी वाटते. मी दोन्हीकडं बसून बघितलं, आईचं बरोबर आहे. खोलीत फरशी आहे, एका भिंतीला खिडकी, स्पीकर १० फुटी भिंतीला टेकवून ठेवलेत.

ओहमकार
वा, दोन्ही निरीक्षणं अगदी नेमकी आहेत.

आधी आई-बाबांचं. साध्या दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये ट्वीटर वर, वूफर खाली. कान ट्वीटरच्या उंचीवर असला तर दोघांचा आवाज एकाच वेळी पोचतो, कान बराच खाली किंवा वर गेला की दोघांच्या अंतरात फरक पडतो आणि क्रॉसओव्हरच्या आसपासचे सूर एकमेकांना खातात. नेमका तोच दोन हजारचा पट्टा, म्हणून सर्दी. केईएफमध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलाय, त्यामुळे वर-खाली बसलं तरी हा प्रकार होत नाही. तुमच्या घरात एकजण गादीवर आणि एकजण खुर्चीवर बसणार असेल तर माझं मत सरळ क्यू१५०. इलॅक वाईट नाही, एकाच उंचीवर बसणाऱ्यांसाठी उत्तम आहे.

आता फुगणं. १२ फूट लांबीत पहिली घुमणारी कंपनं ४७ हर्ट्झला, १० फुटांत ५६ ला, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९ ला. शेवटची दोन अगदी शेजारी आलीत, त्यांच्या दुप्पट ११३ आणि ११८, तीही शेजारी. डग्ग्याचा घिस्सा याच भागातून जातो, म्हणून तिथं फुगतो. कुठलाही महागडा अँप यावर काही करू शकत नाही. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घ्या. क्यू१५० चा पोर्ट (हवेचं भोक) मागं आहे म्हणून ते आणखीच महत्त्वाचं, तरी जास्त वाटलं तर पोर्टमध्ये मोज्याचा सैल बोळा घालून बघा. दोघांमध्ये सहा फूट अंतर, तुम्ही साडेसात-आठ फुटांवर, पाठ मागच्या भिंतीला टेकवू नका कारण भिंतीशी सगळा खर्ज दुप्पट होतो. कपाट त्या खोलीतून बाहेर काढता येत असेल तर काढा, नाहीतर दारांच्या फटीत फेल्टच्या पट्ट्या चिकटवा.

रेवा
फरशीवर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि मागच्या भिंतीला एक जुनी कापसाची गादी उभी करून बघा. टाळी वाजवली की जो टणटण प्रतिध्वनी येतो तो गेला की तान स्वच्छ होते. खोली फार मुकी पण करू नका, आईंना तिथं गायचंय.

जुनारेडिओ
स्टँड विकत घेण्यापेक्षा गावातल्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचे करून घ्या, आत कोरडी वाळू भरायची, वर-खाली कडप्प्याचा तुकडा. उंची दोघांच्या कानांच्या मध्ये काढा, गादीवर कान साधारण ७५ सेंटीमीटरवर येतो आणि खुर्चीत मीटरभर, म्हणजे ट्वीटर ८५-९० ला आला की झालं. मोजून घ्या मात्र, प्रत्येकाची बसायची पद्धत वेगळी.

पेठकर
एव्हीआरचा सल्ला मागं घेतो. वायर मात्र चांगली घ्या, त्यात कंजुषी नको.

कृष्णाकाठ
क्यू१५० आणि पीएम६००७ पक्कं केलं. स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले आणि सतरंजी टाकली तेव्हाच निम्मा घुमारा गेला, स्टँडचं माप उद्या देतोय. आईला खाली बसून आता गायिका बरी झालेली वाटते. वायर कुठली घेऊ? दुकानात १२ हजारांची दाखवली. आणि रेकॉर्ड प्लेअर लावला की हलकी हम्म येतेय.

ओहमकार
वायरला १२ हजार अजिबात नकोत. २.५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मिरजेत कुठल्याही इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळेल. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०८ ओहमच्या आसपास, ३.७ ओहमपुढं तो काहीच नाही. स्वस्त स्पीकर वायर बऱ्याचदा वरून तांबं आतून अॅल्युमिनियम असते, टोक चाकूनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

हम्मसाठी रेकॉर्ड प्लेअरची बारीक मोकळी वायर अँपच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला आवळा, आणि त्या बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

अँपच्या मागं ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्या आहेत, फक्त ए वापरा आणि पुढचं बी चं बटण बंद ठेवा. लाल-काळं जुळवताना शंका आली तर अँपपासून वायर सोडवून तिच्या टोकांना क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावा. सेलचा प्लस लालला लावल्यावर वूफर बाहेर येतो, दोन्ही बाजूंना बाहेरच आला पाहिजे.

कृष्णाकाठ
उजवीकडचा आत जात होता! वायर उलटी केली, आता मोनो रेकॉर्ड बरोबर मध्ये आली.